नाव कमी करताना

विषय बदलायला एकपानी अर्ज लागतो, आणि बदलला हे वडिलांना सांगायला छाती लागते. भिंगरीकडे अर्ज तेवढा होता.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ही पोर एका जागी म्हणून टिकायची नाही, तेव्हा बाबांनी ठेवलेलं. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती, वसतिगृहात राहत होती, स्वतःचे कपडे स्वतः धूत होती, पण बाबा फोनवर अजून भिंगरीच म्हणत. रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन तिचं एक वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. विषय येतो, पण आवडत नाही. येत नसता तर किती सोपं होतं! नापास होऊन सुटता आलं असतं, आणि खापर पेपर काढणाऱ्याच्या डोक्यावर फोडता आलं असतं.

भूगोलाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते एका स्टेपलरपायी. प्रॅक्टिकलच्या सरांनी तो आणायला तिला समोरच्या इमारतीत पाठवलं. भूगोल विभागात एक मॅडम तेवढ्या नकाशे गुंडाळत बसल्या होत्या. टेबलावर चार पायांचं, दोन भिंगांचं एक यंत्र होतं आणि त्याखाली विमानातून काढलेले एकाच टेकडीचे दोन करडे फोटो. "बघ की डोकावून. बघायला काय जातंय?" मॅडम म्हणाल्या. भिंगरी वाकली. आधी दोन फोटो दिसले, मग ते एकमेकांत सरकले आणि टेकडी चक्क उठून तिच्या नाकापर्यंत आली. तिने दचकून डोकं मागे घेतलं, आणि लगेच पुन्हा घातलं. तासाभराने सरांनी स्टेपलरसाठी दुसऱ्या मुलीला पिटाळलं, तेव्हा आमच्या बाईसाहेब अजून तिथेच वाकलेल्या होत्या.

महिन्याभराने तिने विषयबदलाचा अर्ज भरला. पालकाच्या सहीची जागा आली तिथे तिनेच बाबांची सही ठोकून दिली. हुबेहूब जमली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं पाहिलेली सही, जमायला काय झालं होतं?

कॉलेजच्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या बाईंना सगळेच काकू म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. काकूंनी अर्ज उजेडाकडे धरला, सहीकडे बघितलं, मग भिंगरीकडे बघितलं.

"वडिलांची सही झकास आहे हो," त्या म्हणाल्या. "शाई अजून वाळली नाही."

भिंगरीने मान खाली घातली.

"ऐक. भूगोलाच्या पटावर तुझं नाव मी आज चढवते. तेवढ्याला ही चालेल. पण रसायनच्या पटावरून नाव कमी करायचं तर पालकाने स्वतः इथे येऊन नावापुढे लाल शाईने सही करायची असते. आमच्याकडची जुनी पद्धत आहे. तोवर तुझं नाव दोन्हीकडे."

"असू दे की दोन्हीकडे. काय बिघडतं?"

"बिघडतं. उशीर लावू नकोस. पटावर नाव राहिलं की हजेरी द्यायला कोणीतरी येतंच."

भिंगरीला हसू आलं. मैत्रिणीच्या नावाने आपण 'हजर' ओरडायचं, याला प्रॉक्सी म्हणतात आणि कॉलेजात हा धडा पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. काकूंना तेवढंच म्हणायचं असणार, असं तिने धरून टाकलं.

बाबांना का सांगितलं नाही, याला मात्र कारण होतं. बाबा एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होते, सत्तावीस वर्षं. लागले तेव्हा बाटल्या धुवायचे. मग बघून बघून सगळ्या चाचण्या शिकले. डबा उघडला की नुसत्या नजरेने सांगायचे, यात पिवळा जास्त झालाय. पण चाचणी करायचे बाबा आणि अहवालावर सही करायचा पदवीवाला साहेब. साहेब बदलत गेले, बाबांपेक्षा लहान होत गेले. बाबा त्यांना बर्नर कसा पेटवायचा ते दाखवायचे आणि मग कागद पुढे करायचे, "साहेब, इथे सही." त्यांनी याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त भिंगरीला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला त्या दिवशी ते गच्चीवर जाऊन बराच वेळ एकटे बसले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. कचरा गेला म्हणाले. दोन्ही डोळ्यांत एकदम.

दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. जेवण, झोप, तब्येत हे सगळं आईकडे; बाबांचा प्रश्न एकच. "मग, या आठवड्यात कुठलं प्रॅक्टिकल?" तिने सांगितलं की सोमवारी ते कारखान्यात सगळ्यांना ऐकवायचे, ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही थोडा वेळ.

भूगोलाला बसायला लागल्यावरच्या पहिल्या रविवारी तिने सगळं सांगायचं ठरवलं होतं. घसा खाकरून झाला. "बाबा, ऐका ना—"

"थांब थांब, वही घेतो," बाबा म्हणाले. "हल्ली उतरवून घेतो मी. नाहीतर सोमवारी निम्मं विसरायला होतं. हं, बोल."

वही घेऊन बसलेल्या माणसाला काय सांगणार? तिने अनुमापनाचा प्रयोग सांगितला. वर काचेच्या लांब नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, अल्कली. खाली फ्लास्कमध्ये आम्ल. त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब. वरून थेंब थेंब सोडायचं, आणि फिकट गुलाबी रंग आला की त्याच क्षणी तोटी बंद.

"घाई नाही ना केलीस?"

"नाही, बाबा."

"थेंब थेंब. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?" बाबा खुशीत हसले.

पुढच्या रविवारी तिने जुनं पाठ्यपुस्तक समोर उघडून ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तकही लागलं नाही. जीभ सोकावली होती. चौथ्या रविवारी तर तिने पदरचा मीठमसाला लावून सांगितलं, की गुरुवारी फ्लास्क फुटला आणि डाव्या अंगठ्याला कापलं.

"धुतलंस का लगेच? भरपूर पाण्याने?"

"धुतलं, बाबा. पट्टी लावली." असं म्हणताना ती धडधाकट डाव्या अंगठ्याने टेबलावरचा शाईचा डाग खरवडत होती.

सोमवारी कँटीनमध्ये चष्मिश भेटली. चष्मिश म्हणजे रसायनच्या प्रॅक्टिकलला तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण. शहरातच राहायची आणि चष्मा पुसायची वेळ आली की दुसऱ्याची ओढणी वापरायची.

"अंगठा कसा आहे?" तिने विचारलं.

भिंगरीच्या हातातला चहाचा कप तिथल्या तिथे थांबला. "कुठला अंगठा?"

"कुठला म्हणजे? गुरुवारी केवढं रक्त आलं! सर घाबरले. तू मात्र ढिम्म. धुतलंस, पट्टी लावलीस, पुन्हा तोटी हातात. मी तर म्हटलं, धन्य आहे."

भिंगरीने डावा हात पुढे केला. चष्मिशने आधी चष्म्यातून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं.

"मी गुरुवारी तिथे नव्हते," भिंगरी म्हणाली. "मी भूगोलात आहे. तुला सांगितलं होतं मी. माझी प्रॉक्सी मारतेस ना तू? खरं सांग."

"प्रॉक्सी कशाला मारू? तू येतेस की! भूगोल घेते म्हणालीस, आणि त्याच गुरुवारी एप्रन घालून हजर. मला वाटलं, बाईंनी विचार बदलला आणि आता लाज वाटतेय. म्हणून मी विषय काढला नाही." चष्मिशने खालचा ओठ चावला. "पण तू तिथे बोलत नाहीस हल्ली. एक अक्षर नाही. नुसतं काम. आणि राग मानू नकोस, पण आधीपेक्षा चांगलं करतेस."

त्या दुपारी दोघी रसायनच्या कपाटापाशी गेल्या. प्रत्येकीची प्रॅक्टिकलची वही तिथे नंबराने ठेवलेली असायची. भिंगरीने आपली काढली. गेल्या चार गुरुवारचे चार प्रयोग त्यात होते, तिच्याच अक्षरात, खाली सरांची सही. फक्त तिचं अक्षर नेहमी ओळ सोडून वर चढायचं. हे ओळीवर बसलं होतं. चौथ्या प्रयोगाच्या पानावर कोपऱ्यात बोटाचा एक तपकिरी डाग होता. प्रयोग कुठले होते म्हणाल, तर तिने फोनवर बाबांना सांगितले होते तेच, त्याच क्रमाने. जो तिने रविवारी सकाळी अंघोळ करता करता मनाने रचला होता, तोसुद्धा आधीच्या गुरुवारची तारीख घालून तिथे तयार होता.

चष्मिशने वही तिच्या हातातून काढून घेतली आणि जागेवर ठेवून दिली. "मला यात पाडू नकोस गं," एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती भिंगरीला दिसली की रस्ता बदलायची.

इथवर माणूस म्हणेल, घाबरण्यासारखं आहे पण निभावून नेण्यासारखंही आहे. आपण टेकड्या बघाव्यात, तिने तोट्या सोडाव्यात, बाबा खूश. भिंगरीच्याही मनात हे आलं, खोटं कशाला बोला. पण त्याच आठवड्यात भूगोलाच्या वर्गात हजेरी चालू असताना मॅडमनी तिचा नंबर, "एकोणीस" म्हटलं आणि ती "हजर" म्हणाली. मॅडमनी पुन्हा "एकोणीस?" म्हटलं. ती पुन्हा, मोठ्याने, "हजर, मॅडम." मॅडमनी पटावर गैरहजेरीची खूण केली आणि वीसवर गेल्या. मॅडम दुसऱ्या बाकाच्या समोर उभ्या होत्या आणि भिंगरी दुसऱ्याच बाकावर बसली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी एका मुलाने येऊन आपली बॅग तिच्या मांडीवर ठेवली, म्हणजे बाकावर ठेवायची म्हणून ठेवली, आणि मग "अरे, सॉरी, कोणी आहे होय!" म्हणून चमकून मागे सरकला. तास संपल्यावर ती मुद्दाम मॅडमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. मॅडमनी बऱ्याच वेळाने नजर वर केली, त्यांना तिच्यावर नजर ठरवायला कष्ट पडत होते. "नवीन का तू?" त्या म्हणाल्या. "प्रवेश तर बंद झाले, बाळा."

वसतिगृहात त्या आठवड्यात तिचं ताट दोनदा लावायचं राहिलं. तिने आरशात बघितलं तर चेहरा होता जागच्या जागी. पण आता तिला मनापासून भीती वाटू लागली होती. भूत दिसलं तर माणूस पळून तरी जातो. इथे आपणच कमी होत चाललो होतो, आणि पळून जायचं कुठे?

पाचव्या रविवारी खरं सांगायला तोंड उघडलं, तर पुन्हा एक प्रयोगच बाहेर पडला. त्यानंतरच्या गुरुवारी अकरा वाजता ती रसायनच्या प्रयोगशाळेच्या दाराशी गेली. दाराला वरच्या अर्ध्या भागात जाळीची काच होती. आत वीसेक जण आपापल्या टेबलांशी होते, आणि खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी, जिथे भिंगरी वर्षभर उभी राहिली होती, तिथे ती होती. वेणी तशीच. डाव्या खांद्याला किंचित झुकून उभं राहायची खोड तशीच. अंगठ्याला पट्टी. उजव्या हाताने ती फ्लास्क गोल फिरवत होती, डाव्याने तोटी सोडत होती आणि तिचे ओठ हलत होते. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण भिंगरीला ते ओठ वाचता आले. थेंब थेंब. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?

फ्लास्क गुलाबी झाला. तिने तोटी बंद केली, वाचन लिहिलं आणि मग मान वळवून दाराकडे बघितलं. रागाने नव्हे, ओळखीनेही नव्हे. दारात कोणी उभं राहिलं आणि उजेड अडला की आपण वळून बघतो, तसं. चेहरा भिंगरीचाच होता, पण इतका शांत चेहरा भिंगरीला जन्मात कधी करता आला नव्हता. त्या मुलीला आपण कुठे असायला हवं होतं याबद्दल काही शंका नव्हती.

भिंगरी जिना उतरून थेट कार्यालयात आली.

"काकू!"

काकूंनी वर बघितलं, डोळे बारीक केले, चष्मा नाकावर सरकवला. "हं, सापडलीस. किती रविवार झाले?"

"पाच," भिंगरी म्हणाली. आपण रविवारचं काहीच सांगितलं नव्हतं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

"बापाला सांगितलं नाहीस. मग त्याची रसायनवाली मुलगी जाणार कुठे? पटावर नाव आहे, घरी रोज आठवण निघते, आणि वर तू दर आठवड्याला तिला काम लावून देतेस. ती येणारच की गं. दर वर्षी एखादं होतंच असं. मागे एक मुलगा होता, कॉमर्स सोडून संगीताला गेला. घरी थापा मारत राहिला. कॉमर्समधला पहिल्या वर्गात पास झाला, नोकरीला लागला, लग्न झालं. मुलं पण आहेत आता. परवा येऊन दाखले घेऊन गेला."

"आणि तो? संगीतवाला?"

"कोण संगीतवाला?" काकूंनी विचारलं, आणि त्या खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होत्या.

भिंगरीने तिथूनच, खिडकीला टेकून, फोन लावला. गुरुवारी दुपारी बाबा कामावर असायचे. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला, "काय झालं गं? बरी आहेस ना?"

"बाबा, मी विषय बदलला. दीड महिना झाला. मी भूगोल घेतला. तुम्हाला फोनवर सांगत होते ते सगळं खोटं होतं. तुमची सहीसुद्धा मीच केली." एका दमात बोलून टाकलं. थांबली असती तर पुढे गेलीच नसती.

पलीकडे मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"अंगठा?" बाबांनी विचारलं.

"तोही खोटा."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "वहीत लिहिलंय मी ते सगळं."

"बाबा, तुम्हाला यावं लागेल. इथे सही लागते. तुमची, खरी. बाबा, लवकर या. पुढच्या गुरुवारच्या आत."

"सुट्टी मागायला हवी," बाबा म्हणाले. "गुरुवारीच येतो. त्याआधी जमायचं नाही."

त्या रविवारी फोन आला नाही. तो आठवडा भिंगरीने कसा काढला ते तिलाच माहीत. वर्गात ती बाकाच्या कडेला अंग चोरून बसायची, कारण लोक सरळ तिच्यावर येऊन बसत.

गुरुवारी बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. फाटकाशी त्यांनी तिला लगेच ओळखलं, अगदी लांबून, आणि भिंगरीला भर रस्त्यात रडू फुटलं. आठवडाभरात तिच्याकडे कोणी असं चटकन बघितलं नव्हतं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चेहरा उतरला होता, रात्रभर जागल्यासारखा. पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"आधी प्रयोगशाळा दाखव," ते म्हणाले.

"बाबा, आधी सही करू या."

"एकदा बघू दे तरी. वर्षभर ऐकतोय."

नाही कसं म्हणणार? तिने जिन्यावरच त्यांना त्या दुसरीबद्दल सांगायला सुरुवात केली, पण शब्द सापडेपर्यंत दार आलं. बाबांनी काचेला कपाळ लावलं. आत प्रॅक्टिकल चालू होतं. त्यांची नजर एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली आणि खिडकीपासून तिसऱ्यावर थांबली.

ही कोण, असं बाबांनी विचारलं नाही. भिंगरीच्या अंगावर काटा आला तो त्यानेच.

"ती मी नाही, बाबा."

"कळतंय मला. तू इथे आहेस." त्यांचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला होता. "मान बघ तिची. डोळा कसा बरोबर रेषेत आणलाय. अर्ध्या साहेबांना हे जमत नाही. ... आता सोडेल बघ. हं. थेंब. अजून एक. बस्स! बस्स, आता बंद कर." आत तिने त्याच क्षणी तोटी बंद केली. फ्लास्कमध्ये रंग आला होता, आहे म्हटलं तर आहे इतका फिकट. बाबांच्या तोंडून 'वा' निघून गेलं. एवढा आनंद भिंगरीने त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिला नव्हता.

"चला ना, बाबा. काकू वाट बघतायत."

"कोणाचं काय वाईट करतेय ती?" काचेवरून नजर न काढता बाबा म्हणाले. "तू जा तुझ्या भूगोलाला. मी कशाला अडवू? खुशाल जा. पण ही राहू दे ना इथे. कोपऱ्यात उभी असते बिचारी."

"दोघी नाही राहत, बाबा. मी हजर म्हणते तर कोणाला ऐकू येत नाही. लोक माझ्या अंगावर बॅगा ठेवतात. काकूंना विचारा. शेवटी एकच उरते."

"एकच उरायची असेल, तर मग हीच—"

वाक्य तिथे थांबलं. बाबांनी तोंड मिटलं, जोरात, दात आपटल्याचा आवाज आला. पण आता मिटून उपयोग नव्हता. पुढचं दोघांनीही ऐकलं होतं. भिंगरीला वाटलं, आपण आत्ताच, इथेच, जिन्याच्या तोंडाशी विरून जाणार.

बाबा काचेपासून वळले. त्यांच्या कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते.

"चल," ते म्हणाले. "कुठे करायची सही?"

काकूंनी रसायनचा पट काढून ठेवलाच होता. त्यांनी पान उघडलं, लाल पेन ठेवलं आणि नावावर बोट टेकवलं. "नीट वाचून करा हं. एकदा केली की माघारी घेता येत नाही."

बाबांनी नाव वाचलं. मग विचारलं, "माझ्या सहीने होईल? वरच्या कोणाची नको?"

"तुमचीच लागते. दुसऱ्या कोणाची चालत नाही."

प्रगतिपुस्तकं सोडली तर सत्तावीस वर्षांत बाबांची सही कोणी मागितली अशी ही पहिलीच वेळ. त्यांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, तळहात पँटला पुसला, पुन्हा घेतलं. एकेक अक्षर काढत त्यांनी सही केली. तिने अर्जावर केलेली याहून सफाईदार होती. बाबांची सही हल्ली थरथरायला लागली होती आणि ते तिला माहीतच नव्हतं.

"झालं," काकूंनी पट मिटला. वर कुठेतरी प्रॅक्टिकल संपल्याची घंटा वाजली आणि जिन्यावर पावलांचा दणदणाट झाला.

कार्यालयाबाहेर पडतात तोच भूगोलाच्या मॅडम समोरून आल्या. "काय गं एकोणीस नंबर!" त्या लांबूनच म्हणाल्या. "आठवडाभर गायब? टेकडीचा नकाशा कोण पुरा करणार, मी?" भिंगरीचा श्वास मोकळा झाला. इतका, की डोळ्यांसमोर क्षणभर पांढरं झालं. "येते, मॅडम! आत्ता येते! मॅडम, हे माझे बाबा—" म्हणत ती वळली.

बाबा शेजारी नव्हते.

ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. प्रयोगशाळेतली मुलं निघून गेली होती. दार सताड उघडं होतं. खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी आता ती नव्हती, बाबा उभे होते. तोटी अर्धवट सुटलेली होती आणि थेंब पडत होते. खालचा फ्लास्क भडक गुलाबी होऊन गेला होता. वही उघडी होती. दोन वाचनं लिहिलेली, तिसऱ्याची जागा कोरी. स्टुलावर पडलेला एप्रन बाबांनी अंगात चढवला होता. तो त्यांना लहान होत होता, बटणं लागत नव्हती.

त्यांनी तोटी बंद केली. फ्लास्क मोरीत ओतला, तीनदा विसळला, उजेडाकडे धरून बघितला. मग बाटलीतून मोजून आम्ल घेतलं, वर दोन थेंब टाकले आणि डोळा रेषेत आणायला वाकले. तिसरं वाचन राहिलं होतं.

"बाबा," भिंगरी म्हणाली आणि तिने आत पाऊल टाकलं.

"तिथेच थांब," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. नव्या साहेबाला काही समजावताना ते जितक्या सौम्यपणे बोलत, तितक्याच सौम्यपणे बोलले, आणि नजर नळीवरून हलवली नाही. "तुझ्या अंगात एप्रन नाही. असं आत यायचं नसतं."

भिंगरीने पाऊल मागे घेतलं आणि ती दाराबाहेर उभी राहिली.